गुणवंतराव आणि दोन वाकडे तरंगे

गुणवंतराव, हे पत्र कुंताबाई तुम्हाला वाचून दाखवतील, कारण तुमचा चष्मा तलावाच्या तळाशी आहे आणि नवा करायला तुम्ही काही ब्रह्मपुरीला जात नाही. वाचन चालू असताना मध्ये बोलायचं नाही. "असं नाई झालं बाई" हे तर अजिबात नाही. तुमच्या त्या खेपेची गोष्ट तुम्ही गावात भेटेल त्याला सांगत सुटलात, आणि दर वेळी तिच्यातला वारा वाढतच गेला. दिवाळीत सांगितलीत तेव्हा वादळ होतं. परवा चहाच्या टपरीवर मगर निघाली. आपल्या चिचझरीच्या तलावात मगर नाही, कधी नव्हती. म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

हे वाचणारे इतर लोक तुम्हाला ओळखत नाहीत. तुम्ही कोण, कुठले, हे त्यांना सांगावं लागेल. तेवढ्यापुरती तुमच्याकडे पाठ करते. राग मानू नका, आणि मानलात तर माझ्या अंगणात येऊन माना, पेरू पिकले आहेत.

तर गुणवंतराव. माझे शेजारी. मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर भावाच्या शेतघरात, तलावाच्या पाळीजवळ येऊन राहिले. ते ऊर्जानगरहून, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून आले. आमच्या दोघांच्या मध्ये एक तुरीचं कुंपण आहे आणि त्यावरून रोज भांडण होतं.

जन्म मात्र त्यांचा इथलाच, ढिवरांच्या घरातला. वडील डोमा. डोंगा, म्हणजे लाकडी होडी चालवायचे, जाळी टाकायचे, शिंगाडे लावायचे. डोमांनी पोराला पोहायला शिकवलं आणि पाण्याशी संबंध तिथेच तोडला. पोरानं जाळ्याला हात लावला की हातावर फटका. "तू शाळा शिक," एवढंच. पोरगा शिकला, चंद्रपूरला आयटीआय केलं आणि वीज केंद्रात फिटर म्हणून लागला. क्वार्टर मिळालं, सायकल मिळाली, कंपनीची बस मिळाली. सगळी नोकरी टर्बाइनच्या घरघराटात गेली, त्यामुळे ते आजही शेजारच्या माणसाशी पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलावं तसे बोलतात.

निवृत्त होऊन गावी आले, घर बांधलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण गावात पाहुणे आहोत. सगळं गाव त्यांना "कंपनीवाले" म्हणतं. "कंपनीवाले भाऊ, मच्छी पायजे का?" ज्या घरानं पिढ्यानपिढ्या मासे धरले, त्या घराच्या दारात माणूस मासे विकायला उभा. गुणवंतराव मासे घ्यायचे, पैसे द्यायचे आणि मग दिवसभर घराबाहेर पडायचे नाहीत. आमच्याकडे दिवाळीनंतर मोठी जाळी पडायच्या आधी तलावाची पूजा असते. ज्यांचा पाण्यावर हात चालतो ते गुडघाभर पाण्यात उभे राहतात आणि बाकीचे पाळीवर. गुणवंतराव पाळीवर, माझ्या शेजारी. मी तिथे असणं ठीक आहे, मी वकिलाची मुलगी. त्यांचा चेहरा मला पाहवायचा नाही. एकदा मी विचारलं, पाण्यात उतरत का नाही? म्हणाले, "कोणत्या तोंडानं उतरू बाई? मले जाळं फेकता येत नाई. डोंग्यात उभा राह्यलो का मी पडतो."

त्यांचा मुलगा निकेश गोव्याला आहे, पर्यटकांना समुद्रात फिरवणाऱ्यांच्या नावा दुरुस्त करतो. त्याच्या मालकानं एक शिडाची कयाक मोडीत काढली. निकेशनं ती नागपूरपर्यंत ट्रकनं आणि तिथून टेम्पोनं चिचझरीला पाठवून दिली. लांब, अरुंद, पिवळ्या प्लॅस्टिकची नाव, मध्ये दाटीवाटीनं दोन माणसं मावतील एवढी बैठक, पुढे काठीला गुंडाळलेलं शीड. एवढ्या अरुंद नावेला शीड लावलं तर पहिल्याच झुळकीला ती कुशीवर पडेल, म्हणून दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या आणि दांड्यांच्या टोकाला एकेक तरंगा. तरंगा म्हणजे माणसापेक्षा लांब, आतून पोकळ, दोन्हीकडे निमुळता प्लॅस्टिकचा भोपळाच. गुणवंतरावांच्या बायकोनं, कुंताबाईंनी, पाहिल्याबरोबर त्यांना दुधी म्हणून टाकलं, आणि आता गावात दुसरा शब्द चालत नाही.

गुणवंतरावांनी त्या नावेवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "बाई, हिच्यात बसून चालवाचं असते. उभं राहाची गरजच नाई."

माणसाच्या मनात काय आहे ते मला तेव्हाच कळलं.

पण होळी उलटून गेली होती आणि तलावात पाण्यापेक्षा चिखल जास्त होता. पावसाळ्यापर्यंत थांबणं भाग होतं. नाव गोठ्यात ठेवली. दुधी गोठ्यात मावेनात, म्हणून अंगणात दोन दगडांवर आडवे टाकले. आणि मग मोहफुलं आली.

आमच्या भागात ज्या घरात मोह वेचतात त्या घरात वाळल्या मोहाची पोती जमिनीवर कोणी ठेवत नाही. वाळवी लागते. पोत्यांखाली काहीतरी उंच लागतं, फळी, बाज, जुनी बैलगाडीची साटी. कुंताबाई पोतं घेऊन जागा शोधत होत्या तेव्हा गुणवंतरावांनी स्वतः, माझ्यादेखत सांगितलं, "दुध्यावर ठेव नं. प्लास्टिक आहे, उधई काय खाईन त्याले?"

उधईनं नाही खाल्लं. चंद्रपूरच्या मे महिन्यानं खाल्लं. त्या उन्हात आमच्या दारातली प्लॅस्टिकची बादली कुल्फीसारखी विरघळून बसते, आणि इथे दोन टोकांना दगड, मध्ये रिकामं, वर मोहाची पोती. मीही रोज तिथून जात होते आणि माझ्याही डोक्यात काही आलं नाही. आम्हाला ती पोती ठेवण्याची पद्धत इतकी सवयीची, की त्याखाली काय आहे ते कोणी पाहिलंच नाही. जूनमध्ये पोती उचलली तेव्हा दोन्ही दुधी केळ्यासारखे वाकलेले, आणि एकाची कूस बोळक्या म्हातारीच्या गालासारखी आत गेलेली. शिवाय मोहाचा वास. तो अजून गेलेला नाही.

"जरासे लचकले," गुणवंतराव म्हणाले.

"हे लचकलेलं दिसतं तुम्हाला?"

"पाण्यात गेले का होतील सीधे."

पाणी भरलं, भात रोवून झाला, आश्विन लागला, आणि एका सकाळी ते कारखान्यातलं पिवळं हेल्मेट घालून नावेत बसले. हेल्मेट कशाला असं मी विचारलं नाही. शीड उघडलं, वारा भरला, नाव सुटली, आणि त्यांनी मागे वळून कुंताबाईंकडे जसं पाहिलं तसं नवरदेवानंही पाहिलं नसेल. मग नाव डावीकडे वळली. त्यांनी सुकाणू उजवीकडे ओढलं. नाव डावीकडेच. दोन्ही दुधी एकाच कुशीवर झोपून वाकलेले, म्हणून दोन्ही एकाच बाजूला ओढत होते. डावीकडे श्रावणचं जाळं होतं.

श्रावण हा मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष, नात्यानं गुणवंतरावांचा चुलत-चुलत भाऊ, आणि स्वभावानं तिखट. त्याचं जाळं चांगलं लांब फाटलं. गुणवंतराव जाळ्यात गुरफटून काठाला लागले तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा होता.

"कंपनीवाले, मच्छी पायजे होती तं मागून घ्याची होती. सोता काऊन जाळ्यात शिरले?"

पाळीवर जे हसू फुटलं त्यात मीही होते. काय करणार, हसण्यासारखंच होतं.

संध्याकाळी संस्थेची बैठक बसली. ही नाव जाळी फाडेल, मासे बुजवेल, तलावावर नको, असं बहुतेकांचं म्हणणं. गुणवंतरावांनी जाळं भरून देतो म्हटलं, ते श्रावणनं झटकून टाकलं. जाळं तो स्वतःच शिवणार होता. बराच वेळ बोलाचाली झाल्यावर निकाल लागला तो असा. कोजागिरीनंतरच्या रविवारी एक संधी. पाळीपासून पलीकडच्या महादेवाच्या काठापर्यंत जायचं आणि परत यायचं, दोन्हीकडच्या जाळ्यांच्या मधल्या वाटेनं. जाळ्याला नाव लागली तर त्याच दिवशी ती तलावातून बाहेर, पुन्हा कधी आत नाही. न लागली तर तलावावर चालू द्यायची.

घरी येताना गुणवंतराव हळू आवाजात बोलले. ही त्यांची एकमेव वेळ, मी लक्षात ठेवली आहे. "बाई, मले नावेचं एवढं नाई. पण ह्या वेळी हटवलं तं मी पुन्हा पाण्याकडं जाईन कसा?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दुध्यांचा दवाखाना उघडला.

पहिला उपाय त्यांचा. दुधी उलटे ठेवून वर दगड रचले, म्हणजे ज्या रीतीनं वाकले त्याच रीतीनं सरळ होतील. तर्क बरोबर होता, पण मे महिना कुठून आणायचा? आश्विनातल्या उन्हानं पापडसुद्धा धड वाळत नाहीत. दुसरा उपाय माझा. आत कढत पाणी ओतायचं, प्लॅस्टिक मऊ झालं की दाबायचं. कुंताबाईंनी धान उकडायचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, काढला, चुलीवर पाणी चढवलं, आणि आम्ही तिघांनी पहिल्या दुधीच्या बुचाच्या भोकातून नरसाळ्यानं पाणी ओतलं. दुधी मऊ झाला. गुणवंतराव त्यावर गुडघे टेकून बसले. त्यांच्या वजनाचा हिशेब मी केला नव्हता. वाकडेपणा तसाच राहिला आणि मध्ये दोन गुडघ्यांचे दोन खड्डे पडले, आजही दिसतात.

"तुमच्या सायन्सनं तं बसाची जागा बनवून देली," ते म्हणाले.

"सायन्सनं बसायला सांगितलं नव्हतं. हातानं दाबा म्हटलं होतं."

"तुम्ही दोघं आता मुकाट्यानं चहा घ्या जी," कुंताबाई म्हणाल्या.

बोळक्या गालाचं काम मात्र जमलं. त्यात कढत पाणी फिरवून ओतून दिलं आणि बुचाच्या भोकाला चिंधी बांधून गुणवंतरावांनी सायकलचा पंप लावला. ऊर्जानगरची ती जुनी सायकल त्यांनी अजून ठेवली आहे आणि पंपही. दहा-वीस दाबांनंतर आतून असा आवाज आला की आमचा कुत्रा घरात पलंगाखाली जाऊन बसला, आणि गाल बाहेर. गुणवंतराव एवढे खूश झाले की त्यांनी आणखी पंप मारला. मी तो हातातून काढून घेतला.

गाल भरला, पण केळं ते केळंच. दोन दिवस उरले होते. आम्ही तिघं ओसरीवर बसून समोर अंगणात पडलेल्या त्या दोघांकडे बघत होतो. दोघांची पोटं एकाच दिशेला. आणि मग ती गोष्ट सुचली, एकाला उलटा फिरवायचा. पुढचं टोक मागे, मागचं पुढे. दोन्हीकडून निमुळते असल्यानं फरक पडत नाही. मग एकाचं पोट डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. एक जेवढा इकडे ओढेल तेवढाच दुसरा तिकडे.

ही गोष्ट मला सुचली. स्पष्ट लिहिते, कारण गुणवंतराव सांगतात की त्यांना सुचली. कुंताबाईंचं म्हणणं असं की त्या त्याआधीच बोलल्या होत्या, "दोघं एकाच कुशीवर झोपून राह्यले, एकाले तोंड फिरवाले सांगा," आणि आम्ही दोघं भांडत होतो म्हणून ऐकलं नाही. असेल. मला ऐकू आलं नाही.

रविवारी पाळीवर जत्रा भरली. शाळेची मुलं, बायका, भजेवाला. श्रावण स्वतः डोंगा घेऊन पाण्यात, जाळ्यांजवळ, नाव लागते का बघायला. गुणवंतराव हेल्मेट घालून बसले. पलीकडच्या काठावर चंचल शिंगाड्यांचा वेल लावते, कुंताबाईंच्या माहेरची पोर. ताजे शिंगाडे मला फार आवडतात आणि बाजारात येतात ते शिळे. मी माझी कापडी पिशवी गुणवंतरावांच्या हातात दिली.

"तिकडे जाताच आहात तर येताना शिंगाडे आणा. चंचलला मी फोन केला आहे."

"बाई, मी परीक्षेले जाऊन राह्यलो."

"मग रिकाम्या हातानं का येता?"

पिशवी त्यांनी बैठकीखाली खोचली. शीड उघडलं. नाव निघाली आणि सरळ गेली. थोडी डुलत, थोडी लाजत, पण सरळ. दुधी दोन्ही बाजूंना फेंगडे, जणू कोणी माणूस पाय फाकवून पाण्यावर चालला आहे. कुणीतरी म्हणालं, "पाहा बे, बदक चाललं." पण ते बदक दोन्ही जाळ्यांच्या मधून, जाळ्यांना तरंगायला बांधलेल्या रिकाम्या बाटल्यांच्या रांगांना न शिवता पलीकडे गेलं. महादेवाच्या काठाला लागलं. तिथून त्यांनी हात हलवला आणि कुंताबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या.

येताना वारा वाढला. वादळ नाही, गुणवंतराव, वारा. उजवीकडून येत होता. नाव डावीकडे कलली, डावा दुधी पाण्यात दबला आणि उजवा वर आला. आता दोघांची ओढ सारखी राहिली नाही. डावा एकटाच ओढू लागला. नाव वळली, हळूहळू, श्रावणच्या जाळ्याकडे. त्याच जाळ्याकडे, नवीन शिवलेल्या आणि या खेपेला वाटेच्या दुसऱ्या बाजूला टाकलेल्या. मी पाळीवरून ओरडत होते की उजव्या बाजूला वजन टाका, पण अर्ध्या तलावातून काय ऐकू जाणार? तरी त्यांना ते कळलं. उजव्या दांडीवर सरकले, मग त्या दांडीवर पोट टेकून आडवे झाले, हेल्मेट बाहेर, पाय आत. आणि त्या गडबडीत नाकावरचा चष्मा पाण्यात गेला.

चष्म्याशिवाय गुणवंतरावांना स्वतःचा हातही धूसर दिसतो. बाटल्यांची रांग कुठे, वाट कुठे, काही दिसेना. नुसतं डोळे बारीक करून दांडीवर पडून राहिले.

श्रावण डोंग्यात जवळच उभा होता. त्यानं फक्त गप्प राहायचं होतं. नाव चार हातांवर आली होती, थोड्या वेळात जाळ्याला लागली असती आणि विषय संपला असता. पण पाण्यावर समोरचा आंधळा चाललाय हे पाहून गप्प बसणं त्या माणसाच्या हाडात नाही. तो ओरडला.

"उजवीकडं घे बे, उजवीकडं. अजून. डोमाच्या पोरा, दांडा वढ, दांडा. हां. आता सीधा ठेव. सीधा."

त्याच्या आवाजावर गुणवंतरावांनी सुकाणू ओढलं. डावा दुधी बाटल्यांच्या रांगेच्या इतक्या जवळून गेला की एक बाटली हलली. जाळं लागलं नाही. श्रावण डोंगा घेऊन पुढे झाला आणि पाळीपर्यंत सारखा ओरडत राहिला, "इकडं, इकडं," आणि गुणवंतराव दांडीवर पालथे पडून त्याच्या आवाजामागे आले, म्हशीमागे रेडकू यावं तसे.

काठाला लागल्यावर कोणीतरी म्हणालं, बाटली हलली, म्हणजे लागलं.

"हवेनं हलली," श्रावण म्हणाला. "मी इथीच होतो नं." मग गुणवंतरावांकडे वळून, "भाऊ, हे फेंगडं कोणाले कसं चालवता येते? उद्या मले बसू दे एक खेप."

गुणवंतराव हेल्मेट काढून उभे राहिले आणि ओल्या हातानं डोळे पुसत राहिले, चष्मा नव्हता तरी चष्मा पुसावा तसे. डोमाच्या पोरा, हे त्यांनी ऐकलं होतं. सगळ्या पाळीनं ऐकलं होतं. त्यानंतर आमच्याकडे "कंपनीवाले" म्हणणारा फक्त भजेवाला उरला, तो ब्रह्मपुरीचा आहे, त्याला काय माहीत.

दिवाळीनंतर पूजा झाली. मी पाळीवर गेले, नेहमीच्या जागी उभी राहिले. शेजारी कोणी नव्हतं. गुणवंतराव खाली पाण्यात होते, धोतर वर खोचून, श्रावणच्या बाजूला, हातात नारळ. नारळ फोडताना त्यांनी एवढ्या मोठ्यानं काहीतरी म्हटलं की पाण्यावरचे बगळे उडाले. हा आवाज टर्बाइनचा नव्हता. मला जरा एकटं वाटलं, आणि मग भजी घेतली.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते, गुणवंतराव. वर जे लिहिलं त्यात काही चुकीचं नाही, आणि असलं तरी मी बदलणार नाही.

एक मात्र राहिलं. त्या दिवशी काठावर सगळे तुमच्या गळ्यात पडत होते तेव्हा मी विचारलं होतं, शिंगाडे? तुम्ही बैठकीखालून माझी पिशवी काढलीत, कोरडी ठणठणीत, आणि म्हणालात, "बाई, तिथी वारा एवढा मस्त होता, याद राह्यली नाई. उद्या." दुसऱ्या दिवशी श्रावणला बसवलंत. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मास्तरांना. मग चंचलच स्वतः तुमच्या नावेत बसून इकडे आली, आणि आली ती शिंगाडे न घेता, कारण तुम्ही तिला म्हणालात वजन नको. कुंताबाईंना माहेरी रोज पाण्यातून सोडून आणता. चष्मा नसतानाही महादेवाच्या काठाला तुमची रोजची फेरी आहे.

आता शिंगाड्यांचा हंगाम संपला. चंचलनं वेल काढून टाकले, मला फोनवर सांगितलं. माझी पिशवी निळ्या काठाची आहे, बैठकीखाली डाव्या बाजूला, आणि कुंताबाई सांगतात की तुम्ही तिच्यात सायकलचा पंप ठेवता.